पट्टा उतरणारा टायगर

टायगर या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं बॅटरीवर चालणारं मॉडेल घेऊन काका माझ्याकडे दुरुस्तीला आले होते. खोक्याचं झाकण उघडायच्या आधीच त्यांनी निदान सांगून टाकलं. "एका बाजूचे आर्म उलटे बसवलेत. बघा तुम्हीच." एका बाजूचे सगळे स्विंग आर्म, म्हणजे चाकं धरणारे वरखाली हलणारे दांडे, पुढे तोंड करून, दुसऱ्या बाजूचे मागे. मधल्या काळात ते ज्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आले होते, त्याने ही शंका त्यांच्या डोक्यात घातली होती.

आर्म बरोबर होते. खऱ्या टायगरचे असेच असतात. दर बाजूला आठ आर्म, म्हणजे सोळा टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे), आणि प्रत्येक बार रणगाड्याच्या पोटातून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा. डावी-उजवीकडचे बार एकाच जागी कसे बसणार? म्हणून ते शेजारी शेजारी टाकले आणि जागा वाचवायला आर्म एका बाजूला पुढे काढले, दुसऱ्या बाजूला मागे. 1:16 च्या या मॉडेलमध्ये आत साध्या स्प्रिंगा आहेत, पण बनवणाऱ्याने बाहेरची ही तऱ्हा इमानाने जपली आहे. अर्धवट माहितीचा कारागीर अडाण्यापेक्षा जास्त नुकसान करतो, असं मी मनातल्या मनात म्हटलं आणि मला जरा बरंही वाटलं.

खरी तक्रार वेगळी होती. रणगाडा सरळ चालायचा, चढ चढायचा, डावीकडे वळायचा. जागच्या जागी उजवीकडे फिरवला की दुसऱ्या-तिसऱ्या गिरकीला उजवा पट्टा मागच्या आयडलरवरून, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या मोकळ्या चाकावरून, बाहेर उतरायचा. रणगाडा उजवीकडे फिरतो तेव्हा त्याचा मागचा भाग डावीकडे घसटत जातो आणि जमीन पट्ट्याला उजवीकडे, म्हणजे बाहेर रेटते. म्हणजे तिथे आधीच काहीतरी कमजोर असणार, वळणं फक्त ते उघडं पाडत होतं. इतकं मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. तरीही पुढचा अख्खा दिवस मी चुकीच्या ठिकाणी घालवला.

कारण चाकं. टायगरची चाकं एकमेकांत शिरलेली असतात. सुरुवातीच्या, रबर लावलेल्या चाकांच्या टायगरमध्ये एका आर्मवर तीन-तीन, म्हणजे बाजूला चोवीस. आतलं एक चाक काढायचं तर आधी शेजारच्यांची बाहेरची चाकं काढा. खऱ्या रणगाड्यावर हे काम करणाऱ्यांनी काय शिव्या घातल्या असतील! 1944 पासून पोलादी चाकं आली, आर्मवर दोन-दोन, तेव्हा कुठे त्यांची थोडी सुटका झाली. काकांचं मॉडेल अर्थातच चोवीसवालं.

पट्टे उतरवून रणगाडा जाड काचेवर ठेवला आणि प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवली. ही माझी आवडती चाचणी. पट्टी ओढताना अडकली तर चाक वजन घेतंय. सुळकन निघाली तर ते नुसतं शोभेला लटकलंय. उजवीकडे तिसऱ्या आणि चौथ्या आर्मखालच्या पट्ट्या सुळकन निघाल्या. झालं, सापडला चोर. उघडून पाहिलं तर तिथल्या दोन स्प्रिंगा नव्या, भलत्याच मऊ. मधल्या कारागिराची कृपा. मी आठही बदलल्या. आर्मच्या भोकांत ढिलेपणा होता, तिथे 0.2 मिलिमीटरच्या पितळी शिमा (पातळ चकत्या) घातल्या, आर्म घट्ट धरणारे बिनडोक्याचे ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर आणून थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, लावला. सोळाच्या सोळा चाकजागा काचेवर टेकल्या. हे काम सुंदर झालं होतं, आजही म्हणेन.

पट्टा चढवला. उजवीकडे फिरवला. तिसऱ्या गिरकीला खटकन आवाज, आणि पट्टा बाहेर.

दुसऱ्या दिवशी आयडलरला लोखंडी पट्टी लावून पाहिली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. स्प्रॉकेट (पट्टा ओढणारं पुढचं दातेरी चाक), चाकं आणि आयडलर एका ओळीत आहेत का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. पण सस्पेन्शन उघडलं की माणसाला त्यातच रमायला आवडतं. आयडलर तिरका होता. व्हर्नियरने मोजलं: त्याची पुढची कड आत, मागची बाहेर, फरक 1.4 मिलिमीटर. शाफ्टचं बाहेरचं टोक पुढे ओढलं गेलं होतं. शाफ्ट सरळच होता. वाकली होती ती तो धरून ठेवणारी चॅसीची प्लॅस्टिकची भिंत. पुढे गिअरबॉक्सच्या एका स्क्रूच्या बुडाशीही केसासारखी चीर. दोन्ही टोकं एकमेकांकडे खेचली गेलेली. असं झालं की पट्टा बाहेरच्या बाजूने सैल पडतो आणि हळूहळू तिकडेच सरकतो.

इतकं खेचेल असं तिथे एकच होतं, धातूचा पट्टा. प्लॅस्टिकच्या चॅसीवर धातूचे पट्टे चढवून ते तारेसारखे ताणणारे लोक मला ठाऊक आहेत. खऱ्या टायगरला वरच्या बाजूला पट्टा उचलून धरणारे रोलरच नव्हते. पट्टा मोठ्या चाकांच्या डोक्यावर विसावायचा. मॉडेलमध्येही तो तसाच लोंबला पाहिजे. मधल्या कारागिराच्या नावाने मी पुन्हा मनात दोन शब्द उच्चारले.

आयडलर सगळ्यात पुढच्या खाचेत आणला तरी पट्टा ताठच. पट्ट्यात एक कडी वाढवायला हवी होती. या जातीच्या कड्या सहज मिळत नाहीत, म्हणून उरल्यासुरल्या सुट्या भागांचा खण उपसला. छोट्या पिशवीत एक कडी आणि तिची पिन सापडली. पिशवीवर काकांचं नाव, तारीख दीड वर्षापूर्वीची. अक्षर माझं.

धातूचे पट्टे मीच चढवले होते, ते मी विसरलो नव्हतो. कडी काढल्याचं मात्र विसरलो होतो. तेव्हा पट्टा लोंबतोय म्हणून काका नाराज होते, आणि "टापटीप दिसेल" म्हणून मी एक काढून टाकली होती. फक्त उजवीकडची. डावा पट्टा आयडलर मागे घेऊन जमला असावा. मधल्या माणसाने पट्ट्याला हातही लावला नव्हता. त्याचा गुन्हा दोन मऊ स्प्रिंगा आणि एक चुकीची शंका, एवढाच.

पुढचं काम भराभर झालं. आतून भिंतीला 2 मिलिमीटरची पितळी पट्टी, आयडलरच्या दोन्ही जागांना जोडणारा आडवा आटेदार दांडा, गिअरबॉक्सच्या बुडाला धातूची पट्टी. शेवटी तीच कडी, तीच पिन. आयडलरमधला फरक 0.1 वर आला. उजवीकडे पन्नास गिरक्या मोजून मारल्या. डावीकडेही मारल्या, कारण नसताना.

काका घ्यायला आले. पट्टा बोटाने उचलून बघत म्हणाले, "आता सैल नाही का वाटत?"

"सैलच हवा," मी म्हणालो. "तो फार ताणला गेला होता, त्याने भिंत वाकली."

काकांनी मान डोलावली. "त्या माणसाकडे जायलाच नको होतं. आता थेट तुमच्याकडेच."

मी बॅटरीची वायर गुंडाळून खोक्यात ठेवली. ती रिकामी पिशवी अजून खणातच आहे.