मुद्दाम तुंबवलेलं पाणी: बाथरूमच्या कामातले माझे दोन आठवडे

आमचं बाथरूम होऊन आता तीन महिने झाले. टाइल्स छान दिसतात, नळ छान चालतात, आलेगेले कौतुक करतात. तरी आत पाय ठेवला की मला अजून ते दोन आठवडे आठवतात आणि मिस्त्रींचं एक वाक्य कानात वाजतं, "ताई, एवढं कोणी बघत नाही."

तोडफोड, राबिट उचलणं, नवे पाइप, सगळं ठरल्या वेळेत झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते वॉटरप्रूफिंगच्या चाचणीत. जुनी फरशी आणि तिच्याखालची भर काढून स्लॅब उघडा केला होता. कोपऱ्यांत वाटा मारल्या होत्या, म्हणजे भिंत आणि जमीन मिळते तिथे काटकोन न ठेवता सिमेंटची गोलाई केली होती. त्यावर कोटिंगचे दोन हात, पहिला उभा आणि तो वाळल्यावर दुसरा आडवा. इथवर काम खरंच नीट होतं. मग पाणी भरून बघायचं ठरलं. सकाळी अकराला पाणी भरलं आणि दोनला मी चहा घेऊन गेले, तर मिस्त्री पाणी उपसत होते. "झाली टेस्ट. खाली ओल नाही. उद्या फरशी धरू."

तीन तासांत कसली टेस्ट? कमीत कमी २४ तास, जमल्यास ४८ तास पाणी उभं ठेवावं लागतं, हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. तो म्हणाला, "उद्या टाइल्स सुरू नाही केल्या तर माझी माणसं दुसऱ्या साइटवर जातील, मग आठवडाभर मिळणार नाहीत." या धमकीला घाबरू नका. माणसं गेली तर परत येतात. फरशी एकदा बसली की तिच्याखाली बघायला परत मिळत नाही.

संध्याकाळी मी स्वतः पाणी भरलं, ५० मिलिमीटर. भरल्या भरल्या खूण करायची नाही, कारण पहिले दोन तास प्लास्टर आणि कोपरे थोडं पाणी पितात. रात्री नऊला भिंतीवर पट्टी चिकटवली आणि पेन्सिलीने रेघ मारली. सकाळी पाणी १२ मिलिमीटर खाली.

"हवेत उडालं, ताई."

आमचं बाथरूम दीड मीटर बाय २.४ मीटर. म्हणजे १२ मिलिमीटरचे झाले ४३ लिटर. दोन मोठ्या बादल्या पाणी, बंद खोलीत, एका रात्रीत हवेत उडालं म्हणे! पण मला ते खोटंही पाडता येईना. किती उडतं हे मला तरी कुठे माहीत होतं?

म्हणून दुसऱ्या रात्री बाथरूममध्येच चार विटा रचून त्यावर एक पसरट ताटली पाणी भरून ठेवली आणि तिच्यावरही रेघ मारली. तीच हवा, तेच तापमान. ताटलीतलं पाणी जितकं उतरेल तितकं हवेत गेलं, त्याहून जास्त जे काही उतरेल ते गळालं. या सगळ्या प्रकरणात मला स्वतःचा अभिमान वाटावा अशी ही एकच गोष्ट, त्यामुळे ती मी सगळ्यांना ऐकवत असते.

त्याच रात्री आणखी एक चूक सुधारली. नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या वाटेचं, तोंड मिस्त्रींनी कापडाचा बोळा आणि थोडं सिमेंट लावून बंद केलं होतं. बोळ्यातून पाणी झिरपलं तर ते सरळ ड्रेनेजमध्ये जातं. कोटिंग चांगलं असूनही चाचणी नापास होते, आणि उलट खरी गळतीही "बोळ्यातून गेलं असेल" म्हणून खपवता येते. आमच्याकडे नेमका हाच वाद चालू होता. प्लंबरकडे रबरी प्लग असतो, पिळला की फुगून पाइपात घट्ट बसतो. तो मागून घ्या. पहिल्याच दिवशी मागा, मी दुसऱ्या दिवशी मागितला.

प्लग लावून पुन्हा ५० मिलिमीटर भरलं. सकाळी जमिनीवरचं पाणी ७ मिलिमीटर उतरलेलं आणि ताटलीतलं जेमतेम एक. म्हणजे बोळा गळत होताच, पण आणखीही कुठेतरी गळत होतं. मिस्त्रींनी ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पण खाली ओल कुठे आहे?"

खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे मी तोवर इतक्या वेळा जाऊन आले होते की त्या बेल वाजली की थेट बाथरूमचं दार उघडून बाजूला उभ्या राहायच्या. छत कोरडं ठणठणीत होतं. आता मलाच वाटायला लागलं की आपण उगाच त्रास देतोय. घरात सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात, आणि सगळ्यांची आंघोळ शेजाऱ्यांकडे. तिसऱ्या दिवशी मी जवळजवळ हो म्हणणार होते.

अडवलं सासूबाईंनीच. त्या दारातून पाणी बघत होत्या. म्हणाल्या, "रोज भरतेस कशाला? उतरू दे की. फुटक्या बादलीत पाणी फुटलंय तिथवरच उतरतं, त्याच्या खाली नाही."

पाणी भरणं थांबवलं. बुधवारी सकाळी ४३ वर होतं, गुरुवारी ३५, शुक्रवारी ३१, आणि मग ताटलीइतकंच उतरायला लागलं. म्हणजे भोक होतं ३१ च्या आसपास, जमिनीत नव्हेच. भिंतीलगत जिथे जिथे पाणी टेकत होतं तिथे तिथे मी बॅटरी घेऊन फिरले. साचलेल्या पाण्याइतकी चोख पाणसळ कुठली मिळणार? त्या रेषेवर एकच गोष्ट होती, कमोडचा ११० मिलिमीटरचा पाइप जिथे भिंतीतून बाहेर डक्टमध्ये, म्हणजे इमारतीत पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या मोकळ्या जागेत, जातो तिथलं त्याचं बूड. डक्टच्या खिडकीतून वाकून बघितलं तर बाहेरच्या भिंतीवर पाइपखाली ओला ओघळ. खालच्या काकूंचं छत कोरडं का, याचंही उत्तर मिळालं. पाणी त्यांच्याकडे जातच नव्हतं, बाहेरच्या भिंतीने उतरत होतं. फरशी बसली असती तर ते निमूटपणे भिंतीत मुरत राहिलं असतं आणि दोन-तीन पावसाळ्यांनी आम्ही बाहेरच्या प्लास्टरला दोष दिला असता.

कारण अगदी साधं होतं. प्लास्टिकचा पाइप गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरत नाही. माल वाळताना जरासा आकसतो आणि पाइपभोवती केसाएवढी फट राहते. कोटिंग त्या फटीवरून नुसतं फिरवलं होतं, तेही पाइपच्या वरच्या बाजूला नीट आणि खाली, जिथे ब्रश नेणं अवघड, तिथे जेमतेम. मिस्त्रींनी हे बघितलं आणि पहिल्यांदाच "एवढं कोणी बघत नाही" म्हणाले नाहीत. शनिवारी पाइपभोवतीचा माल फोडला, पाइप पॉलिश पेपरने खरखरीत केला, न आकसणारं ग्राउट, म्हणजे फटी बुजवायचा माल, भरलं, गोलाई केली आणि वर जाळीची पट्टी दाबून पुन्हा दोन हात. मग वाळण्यासाठी तीन दिवस. कॉन्ट्रॅक्टरने एका दिवसावर आणायचा प्रयत्न केला, पण डब्यावर लिहिलेले दिवस मी त्याला फोनवर वाचून दाखवले. दुसऱ्या शुक्रवारी पाणी भरलं. रविवारी संध्याकाळी, ४८ तासांनी, जमिनीवर दोन मिलिमीटर आणि ताटलीतही दोन. मी त्या ताटलीचा फोटो घरच्या सगळ्यांना पाठवला. कोणाला काही कळलं नाही.

तर पाइप जिथून जिथून भिंत किंवा स्लॅब भेदून जातो ती प्रत्येक जागा हाताने चाचपून बघा. ट्रॅपभोवतीचीसुद्धा. मधल्या सपाट भागात चूक होणं कठीण, सगळा घोळ कडेला असतो. भिंतीवर कोटिंग निदान ३०० मिलिमीटर चढवून घ्या आणि शॉवरच्या भागात डोक्याच्या वरपर्यंत. टाइल्स आहेत म्हणजे पाणी आत जाणार नाही असं मलाही वाटायचं. टाइल्सच्या फटींत भरलेल्या साध्या सिमेंटच्या ग्राउटमधून पाणी सावकाश आत जातंच.

आता बाकीचं, जसं आठवेल तसं.

कमोड मी आधी विकत घेतला आणि माप नंतर घेतलं. कमोड ज्यावर बसतो त्या जमिनीतल्या ट्रॅपच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर टाइल लावलेल्या भिंतीपासून धरायचं असतं. मी विटांपासून मोजलं. माल आणि टाइल मिळून ३५ मिलिमीटर खाल्ले आणि टाकी आधीच भिंतीला अडली, कमोड काही ट्रॅपवर येईना. दुकानदाराने बदलून दिला हे माझं नशीब. मापपत्रक आधी, खरेदी नंतर.

भिंतीतला डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा व्हॉल्व्ह, तोसुद्धा तसाच. त्याच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात, तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांमध्ये यायला हवा. जास्त आत गेला तर हँडल बसत नाही, बाहेर राहिला तर झाकण भिंतीला टेकत नाही. प्लास्टरच्या आधी टाइलचा एक तुकडा हातात धरून बघा.

पाइप बुजवण्याआधी दोन कामं. एक, पंप लावून दाब द्या आणि काटा खाली येतो का बघा. गरम पाण्याला सीपीव्हीसीच, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप; साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो. दोन, प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढा. आरसा लावणाऱ्याने ड्रिल टेकवलं ते नेमकं गरम पाण्याच्या पाइपवर होतं. फोटो नसता तर आख्खं काम पुन्हा फोडावं लागलं असतं.

उताराबद्दल. मीटरला १० ते २० मिलिमीटर उतार हवा आणि ट्रॅप दारापासून लांब. मला मोठ्या टाइल्स आवडल्या होत्या, पण मोठी टाइल एका ट्रॅपकडे चारी बाजूंनी झुकवता येत नाही, तिला तिरके छेद द्यावे लागतात आणि ते छेद रोज डोळ्यांत खुपतात. जमिनीला लहान घ्या, भिंतीला हव्या तेवढ्या मोठ्या. ग्राउट भरायच्या आधी एक बादली पाणी ओतून बघा. आमच्याकडे बेसिनखाली तळहाताएवढं तळं साचत होतं, त्याच दिवशी दोन टाइल्स उचलून पुन्हा बसवल्या. तेव्हा मिस्त्री स्वतःच म्हणाले, "थांबा ताई, पाणी ओतून बघू."

जमिनीची टाइल मॅटच घ्या. घसरण्याच्या चाचणीतला आर १० किंवा आर ११ असा दर्जा खोक्यावर किंवा माहितीपत्रकात दिलेला असतो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, ०.५ टक्क्यापेक्षाही कमी, म्हणून साधा सिमेंटचा रबडा तिला नीट धरत नाही. तिला टाइल अॅडेसिव्हच लागतं. बसवून झाल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने वाजवा, पोकळ आवाज आला तर तेव्हाच बदला. खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते आधी बघा, दहा टक्के जास्त घ्या आणि उरलेल्या फेकू नका. आमच्या पलंगाखाली आहेत.

भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे ग्राउट भरू देऊ नका, ते काही महिन्यांत तडकतं. तिथे बुरशीरोधक सिलिकॉन.

सासूबाईंसाठी धरायची दांडी लावायची हे मला टाइल्स झाल्यावर सुचलं. नशिबाने कमोडशेजारची भिंत भरीव निघाली. तुम्ही आधी जागा ठरवा आणि पोकळ भिंत असेल तर आत आधार बसवून घ्या. टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलत नाही, आणि तोल गेला की माणूस जे हाताशी येईल तेच धरतं.

गीझरच्या पॉइंटला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारं बटण, आहे ना, हे इलेक्ट्रिशियनला विचारू नका, दाखवायला सांगा.

महिन्याभराने वास यायला लागला तर घाबरू नका. आम्ही बरेच दिवस गावाला गेलो होतो, वापर नसल्याने ट्रॅपमधलं पाणी आटलं आणि ड्रेनेजची हवा वर आली. दोन मग पाणी ओतलं, वास गेला.

एक गोष्ट मात्र अजून राहिली आहे. एक्झॉस्ट फॅन चांगला घेतला, पण दार इतकं चपखल बसलंय की फॅनला आत ओढायला हवाच मिळत नाही, नुसता घरघरतो. दाराखाली दहा-पंधरा मिलिमीटरची फट ठेवायला हवी होती. सुतार येतो म्हणालाय. तीन आठवडे झाले त्याला.