एल्फ घेऊ का? (तुम्ही विचारलंत म्हणून)

पावसाळ्यात आमच्या ओटीवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला जो कोणी नवा येतो, तो आधी चपला काढतो आणि मग विचारतो, "मामा, मी एल्फ घेव?" १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या झापांखाली. त्यामुळे जून-जुलैत आमच्याकडे माणसं भरपूर असतात आणि हा प्रश्नही तितक्याच वेळा येतो. एकदाचं सविस्तर उत्तर देऊन टाकतो.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात: एकजण भुयार आखतो (तो मी), बाकीचे एकेक पात्र घेऊन त्यात उतरतात, आणि फासे पडतील तसे जगतात किंवा मरतात. पात्र माणूस असू शकतं, ड्वार्फ, हाफलिंग (ही दोन्ही बुटकी) किंवा एल्फ, म्हणजे परीकथेतला दीर्घायुषी, टोकदार कानांचा जीव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये खेळ काढला, तेव्हापासून एल्फ त्यात आहे. आम्ही १९८१ चे नियम वापरतो. त्यात माणूस योद्धा, जादूगार, चोर असा पेशा निवडतो, पण एल्फ हा स्वतःच एक पेशा आहे. तो योद्ध्यासारखा तलवार चालवतो आणि चिलखत न उतरवता मंत्रही टाकतो. एका पात्रात दोन माणसांचं काम, म्हणून पोरं त्याच्यावर तुटून पडतात.

माझं उत्तर: घे. पण टेबलावर एल्फ एकच, बाकी सगळी माणसं.

कारण काळोख. भुयाराच्या खेळात राक्षसांपेक्षा मोठा शत्रू म्हणजे उजेड संपणं. एक मशाल सहा टर्न (टर्न म्हणजे खेळातली दहा मिनिटं) जळते, म्हणजे तासभर. कंदिलात एक बुधला तेल घातलं की चार तास. चालताना, दार फोडताना, भिंती चाचपताना मी कागदावर टर्नच्या रेघा मारत जातो, आणि पाचवी रेघ पडली की टेबलावरची बडबड आपोआप कमी होते. जुलैत लाईट गेल्यावर परसातल्या विहिरीपर्यंत ज्याला जावं लागलं आहे, त्याला हे समजवावं लागत नाही.

एल्फला मात्र काळोखात ६० फुटांपर्यंत दिसतं. मग खेळ पोकळ होत नाही का? होतो, जर नियम अर्धवट वाचला तर. जुन्या नियमात एल्फला दिसते ती उष्णता. गरम वस्तू तांबूस, गार वस्तू निळसर. जवळ मशाल पेटली की ही नजर चालत नाही. म्हणजे या नजरेचा उपयोग करायचा तर एल्फने सोबत्यांचा उजेड मागे सोडून एकट्याने पुढे जायला हवं. मला या खेळातला हा सगळ्यात सुंदर व्यवहार वाटतो.

माझं एक भुयार सिंधुदुर्गावरून उचललेलं आहे. किल्ल्यावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, तशाच तीन मी जमिनीखाली घातल्या. भाचा एल्फ होता. बाकीच्यांना वळणामागे थांबवून पुढे गेला.

"काय दिसता?" मागून.

"बाव. निळी-निळी. बाजूक काय्येक दिसणा नाय."

बावीच्या काठड्याला टेकून सांगाडा उभा होता. सांगाड्याला ऊब नसते, तो भोवतालच्या हवेइतकाच थंड, म्हणून एल्फच्या नजरेला तो फार तर अंधुक दिसतो. हे उदाहरण पुस्तकातच आहे, पण पोरांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. मी फासा टाकला. मशालवाले वळसा घालून पोचेपर्यंत भाच्याच्या सहापैकी दोनच हिटपॉइंट, म्हणजे जीव मोजायचे गुण, शिल्लक होते. त्यानंतर त्या टेबलावर "एल्फाक सगळा दिसता" असं कोणी म्हणालं नाही.

नंतरच्या नियमांत, म्हणजे २०१४ च्या पुस्तकात, ही गंमत पातळ झाली. तिथे उष्णता नाही, नुसतं करड्या रंगात अंधुक दिसतं, आणि ड्वार्फ, नोम, हाफ-ऑर्क, टीफलिंग अशा इतर जातींनाही दिसतं. चौघे मिळून अशी पात्रं घेतात आणि मशाल कोणी विकतच घेत नाही. अंधुक उजेडात बारकावे टिपणं अवघड जातं, हा नियम तिथेही आहे, पण तो लक्षात ठेवणारा टेबलमास्तर विरळा. मी त्या टेबलांवर बसलो आहे. भुयार आणि बाजारपेठ यांत फरक राहत नाही.

घूल नावाच्या मढेखाऊ भुतांचंही सांगायला हवं. त्यांचा ओरखडा लागला आणि फासा फसला की माणूस लाकडासारखा ताठ होतो. एल्फला हे होत नाही. तीन सोबती ताठ पडलेले, मधे एकटा एल्फ उभा, असा प्रसंग आला की एल्फ घेतल्याचं चीज होतं. पण त्यासाठी ताठ होणारी माणसं सोबत हवीत ना?

वयाचं कोणी विचारत नाही, मीच सांगतो. २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे एल्फ साडेसातशे वर्षांपर्यंत जगतो आणि शंभरीच्या आसपास स्वतःला जाणता समजतो. सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ ची. त्या साली जन्मलेला एल्फ आज ऐन उमेदीत असता. आमचे बहुतेक एल्फ वागतात मात्र बारावीतल्या पोरासारखे. अपवाद शेजारची एक मुलगी. जिना उतरताना ती मधेच थांबली आणि म्हणाली, "मी मागे इलंय तेव्हा ही पायरी झिजलेली नव्हती." मी काहीच आखलेलं नव्हतं. तिथल्या तिथे त्या पायरीखाली एक पोकळी घालावी लागली. दर सहापैकी दोन वेळा गुप्त दार सापडण्याचा एल्फचा हक्क असतोच. तिने तो फासा न टाकता वसूल केला.

"म्हणजे आपलो देवचारच की," असं कोणी ना कोणी म्हणतंच. मला पटत नाही. देवचार म्हणजे कोकणातला गावाचा अदृश्य राखणदार; तो राखण (त्याला दिलेला मान) घेतो आणि आपल्या हद्दीत राहतो. खजिन्यात वाटा मागत तुमच्याबरोबर भुयारात उतरत नाही.

आणि शेवटी हिशेब, कारण नंतर तक्रार नको. दुसऱ्या पातळीला पोचायला चोराला १२०० अनुभवगुण लागतात, योद्ध्याला २०००, जादूगाराला २५०० आणि एल्फला ४०००. पुढे दहाव्या पातळीवर त्याची वाट बंद. आमचा खेळ होड्या पाण्यात जाईपर्यंतच चालतो, ऑगस्टात निम्मं टेबल समुद्रावर असतं. नारळी पौर्णिमेच्या आत वर चढायचं असेल, तर चोर घ्या.