ऑनलाइन मागवा, पैसे काउंटरवर द्या

जपानात ऑनलाइन खरेदी करणारा माणूस पैसे भरायला कोपऱ्यावरच्या दुकानात जातो असं कोणी आधी सांगितलं असतं तर मी ते थट्टेवारी नेलं असतं. पण टोकियोत निशी-कासाईला मी एका जुन्या मित्राकडे उतरलो होतो (आपले लोक तिथे इतके की मधूनच मराठी कानावर पडतं), तिथे वहिनींनी माझ्यासमोर मोबाईलवर मुलाचे बूट मागवले, पेमेंटला 'कोन्बिनी' निवडलं, आणि जेवणं झाल्यावर आम्ही चपला घालून खाली निघालो. कोन्बिनी म्हणजे चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान, सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट वगैरे, थोडं चाललं की एक दिसतंच. काउंटरवरच्या पोराने मोबाईलवरचा बारकोड टिपला, वहिनींनी नोटा त्या छोट्या ट्रेमध्ये ठेवल्या, कारण हातात पैसे द्यायची पद्धत नाही, त्याने पावती दोन्ही हातांनी दिली, वाकला, झालं पेमेंट. लाइट बिल, विमानाचं तिकीट, सगळं असंच भरता येतं म्हणे. कार्डाचा नंबर कुठल्यातरी साइटवर टाकण्यापेक्षा हे बरं वाटतं लोकांना, आणि खिशात रोकड घेऊन हिंडायची भीती तिथे कोणाला नाही.

जुन्या वस्तू विकायचं मेरकारी नावाचं अ‍ॅप आहे, 2013 ला निघालेली कंपनी, तिचाही अर्धा कारभार याच दुकानांतून. विकणारा मोबाईलवरचा कोड दाखवतो, लेबल छापून मिळतं, पार्सल तिथेच सोडायचं. गंमत म्हणजे लेबलवर ना विकणाऱ्याचं नाव ना घेणाऱ्याचं, दोघांनाही एकमेकांचा पत्ता कळत नाही, आणि वस्तू नीट मिळाली असं घेणाऱ्याने सांगेपर्यंत पैसे कंपनीकडेच थांबतात. आणि विकतात काय काय! टॉयलेट पेपर संपल्यावर उरलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, जमवून, गठ्ठ्याने. पोरांच्या हस्तकलेसाठी घेतात लोक. जंगलात वेचलेली ओकची फळंसुद्धा. आपल्याकडे रद्दीवाला काय म्हणेल ते डोळ्यासमोर आणून बघा.

बरं, क्यूआर कोडही जपान्यांचाच. डेन्सो कंपनीच्या मासाहिरो हारांनी 1994 ला गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला बनवला आणि पेटंट असूनही कंपनीने तो सगळ्यांना वापरू दिला, म्हणून तर आज शहाळंवाल्याच्या गाडीवर तो चौकोन लटकतोय. पण खुद्द जपानात क्यूआरने पैसे द्यायची लाट आली ती थेट 2018 ला, पेपे नावाच्या अ‍ॅपमुळे, आणि त्यामागचं तंत्रज्ञान कोणाचं, तर आपल्या पेटीएमचं! मला हे कळल्यावर उगाचच छाती फुगली, जसं काही मीच कोड लिहिलाय. त्यांनी सुरुवातीलाच खरेदीवर 20 टक्के परत द्यायची ऑफर काढली होती, एकूण 1000 कोटी येन वाटायचे होते, ते दहा दिवसांत संपले.

क्यूआरला उशीर का झाला तर गरजच नव्हती. 2001 पासून रेल्वेचं सुइका कार्ड आहे, सोनीच्या फेलिका नावाच्या, नुसतं टेकवून चालणाऱ्या चिपवरचं, त्यावर एक गोड पेंग्विन. स्टेशनच्या गेटवर मी किती वेळ उभा राहून बघत होतो. तिथलं गेट मुळात उघडंच असतं, कार्ड टेकवत माणूस पायांचा वेग जराही कमी न करता निघून जातो, आणि कार्डात पैसे नसले तरच फळ्या फटकन मिटतात. अपराधी सोडून बाकी कोणाला अडवायचं नाही हा हिशोब मला फार आवडला. हेच कार्ड थंड कॉफीच्या मशीनलाही चालतं. मित्राच्या आयफोनात ते बसतं, माझ्या भारतात घेतलेल्या अँड्रॉइडात नाही, मग आपलं प्लास्टिकचं घेतलं.

अकिहाबाराला, म्हणजे टोकियोच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराला, तर जायचंच होतं. योदोबाशीच्या मजल्यांवर मजले असलेल्या दुकानापेक्षा माझं मन रमलं ते रेल्वेच्या रुळांखालच्या रेडिओ सेंटरमध्ये. बोळ इतके अरुंद की समोरून कोणी आलं तर अंग चोरावं लागतं, आणि पाटाएवढ्या जागेत बसलेले आजोबा, आजूबाजूला शेकडो डबे, एकात नुसते लाल दिवे, एकात नुसती बटणं. बटणं दाबून बघायला देतात, टक् आवाज कसा येतो ते ऐकून लोक घेतात. लॅमिंग्टन रोड आठवला, फक्त इथे कोणी 'काय पाहिजे बॉस' म्हणत नाही.

वहिनींनी मात्र आधीच बजावलं होतं, विजेचं काही घेऊ नका. जपानात वीज 100 व्होल्ट, आपली 230, तिथला राइस कुकर आपल्याकडे लावला की संपला. त्यातही विजेची वारंवारता टोकियोत 50 हर्ट्झ आणि ओसाकात 60, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मनीची जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकेची. तो घोळ आजतागायत तसाच, कोणी निस्तरायला गेलं नाही, मधे रूपांतर केंद्रं बसवली आणि पुढे चालू. तरी करमुक्त दुकानात परदेशी पाहुण्यांसाठी वेगळं शेल्फ असतं, तिथे 220 चा कुकर दिसला. उचलला, उलटा करून खालची पट्टी वाचली, मेड इन थायलंड. किंमतही शेजारच्या जपानी मॉडेलपेक्षा बरीच जास्त. वहिनी म्हणाल्या, भावजी, दादरला घ्या, निदान बिघडला तर नेऊन तरी देता येईल.