बी-२३, बी-२४

२०१९ च्या ऑक्टोबरात आई वाईहून माझ्याकडे डॅलसला आली होती. सॅन डिएगोला मामाकडे जायचं ठरलं. साऊथवेस्ट या विमान कंपनीची दोन तिकिटं काढली आणि आईला सांगितलं, यात सीट नंबर नसतो. तिचा चेहराच उतरला. "म्हणजे? उभ्यानं जायचं?"

मग तिला सगळं समजावलं. उद्या सकाळी ११:३५ चं विमान, तर आज बरोबर ११:३५ ला चेक-इन उघडणार. जो आधी करेल त्याचा नंबर पुढे. आत गेल्यावर दिसेल ती मोकळी जागा आपली. मी लॅपटॉप उघडून बसले, आई चष्मा लावून ओट्यापाशी घड्याळाकडे बघत उभी. "दाब!" म्हणाली. आत सोडायच्या रांगेतले नंबर आले, बी-२३ आणि बी-२४. ए, बी, सी असे गट, एका गटात ६० पर्यंत नंबर, आणि ए आधी. ए गटातले पहिले १५ नंबर महाग तिकिटांसाठी राखीव असत, आणि जादा पैसे भरणाऱ्यांचं चेक-इन आपोआप आधीच होऊन जाई. त्यामुळे वेळ साधूनही आम्ही बी मध्ये.

डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळावर गेटपाशी धातूचे खांब होते आणि त्यांवर आकडे, पाच-पाचाच्या टप्प्यात. एका बाजूला १ ते ३०, समोर ३१ ते ६०. आईचे गुडघे दुखतात. मदत लागणाऱ्यांना सगळ्यांच्या आधी सोडतात, विचारू का म्हटलं, तर "मी चालते की" म्हणाली. ए गट गेला, मग सहा वर्षांपर्यंतची मुलं असलेली कुटुंबं गेली, मग आम्ही. एका बाईंनी आईला स्वतःचा पास दाखवला, २२. आई त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. स्वारगेटला वाईची एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून आम्हा तिघांची जागा धरणारी माझी आई इथे शांतपणे उभी होती. कुणी घुसलं नाही, कुणाला काही सांगावंही लागलं नाही.

आमच्या आधी ऐंशीच्या वर माणसं आत गेलेली. आमच्या ७३७-७०० विमानात १४३ जागा, दोन्ही बाजूंना तीन-तीन. पुढच्या रांगांत फक्त मधल्या जागा उरल्या होत्या. अशा वेळी पुढे घुटमळायचं नाही, सरळ मागे जायचं. विसाव्या रांगेत कडेला एक तरुण बसला होता, आतल्या दोन्ही जागा मोकळ्या. आईनं सीटच्या पाठीला धरून गुडघा जरा दाबला, तो त्यानं पाहिला. उठला, स्वतः आत खिडकीकडे सरकला आणि आईला म्हणाला, तुम्ही कडेला बसा, पाय लांब करता येतील. आसन क्रमांक छापलेला असता तर त्याच्या मनात हे आलं असतं का, मला वाटत नाही.

ही पद्धत मुळात वेळ वाचवायची. कंपनी १८ जून १९७१ ला डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो एवढ्याच शहरांत सुरू झाली. १९७२ मध्ये पैशांची ओढाताण झाली आणि चारातलं एक विमान विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचंच ठेवलं. म्हणून उतरलेलं विमान दहा मिनिटांत रिकामं करून, भरून परत उडवायची सवय लागली. आपापला नंबर शोधत बसण्यापेक्षा दिसेल तिथे बसणारा माणूस लवकर बसतो, हे कुणालाही पटेल. जेसन स्टेफन या भौतिकशास्त्रज्ञाने २००८ मध्ये संगणकावर ताडून पाहिलं, तर मागच्या रांगांपासून गटागटाने भरण्यापेक्षा माणसं कशीही सोडली तरी विमान लवकर भरतं. कारण उघड आहे. मागच्या सगळ्या रांगांचे लोक एकाच वेळी आत गेले की एकजण वरच्या कप्प्यात बॅग कोंबतो आणि त्याच्या मागचे सगळे तिथेच तुंबतात.

२७ जानेवारी २०२६ पासून हे सगळं बंद झालं. आता ठरलेलं आसन आणि १ ते ८ असे गट. आपल्या ८० टक्के प्रवाशांना ठरलेली जागाच हवी आहे, असं कंपनीने २०२४ मध्ये सांगितलं होतं. असेल. पण आता सगळ्यात स्वस्त तिकिटाला जागा चेक-इनच्या वेळी कंपनीच देते. पूर्वी त्याच स्वस्त तिकिटावर, घड्याळ बघून वेळ साधली तर, आपण आपल्या माणसाशेजारी बसू शकत होतो. मला याचंच वाईट वाटतं.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीच्या विमानात स्वस्त तिकिटावर आईला आठवी रांग मिळाली, मला एकोणिसावी. तिला पट्ट्याची कडी नीट उघडता येत नाही. तीन तास मी मागून तिचा पांढरा अंबाडा तेवढा बघत होते. विमान थांबल्यावर तिथवर पोचायला पंधरा मिनिटं गेली. ती पट्टा लावून तशीच बसलेली, पर्स घट्ट धरून.

मे महिन्यात ती पुन्हा येते आहे. या वेळी जास्तीचे पैसे भरून १२-बी आणि १२-सी आधीच घेऊन टाकल्या. फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "मग आदल्या दिवशी घड्याळ घेऊन बसायचं नाही?"

नाही, म्हटलं.

"बरं," म्हणाली, आणि मामासाठी कंदी पेढे किती घ्यायचे ते विचारायला लागली.