टायोगा घाट, पन्नास वर्षांची मोटरहोम आणि ब्रेक ऑइल

कॅलिफोर्नियातल्या टायोगा खिंडीतून लीव्हायनिंग गावाकडे उतरताना शेवटच्या तीन-चार मैलांत ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ झालं आणि पुढच्या वळणाआधी पार खाली टेकलं. गाडी 1976ची जीएमसी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली, 26 फुटी, सहा चाकांची, सामानासकट पाच टनांच्या वर. आत आई, बाबा आणि माझी नऊ वर्षांची मुलगी. भराभर पंप मारल्यावर अर्धवट ब्रेक मिळाला, गिअर दोनवर आणि मग एकवर ओढला, आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गाडी थांबली. तोवर इंजिन चालू ठेवलं हे फार महत्त्वाचं. या गाडीचा ब्रेक बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद पडलं की एक-दोन दाबांनंतर पेडल दगडासारखं होतं.

बाबांनी सातारा भागात वीस वर्षं वडापाची ट्रॅक्स चालवली, आंबेनळी घाट त्यांना तोंडपाठ. ते खाली उतरले, चाकांजवळून फिरले आणि म्हणाले, "ऑइल उकळलंय गं. तासभर थांब, पेडल आपोआप वर येईल." तसंच झालं. पाऊण तासात पेडल पहिल्यासारखं घट्ट. हीच यातली धोक्याची गोष्ट आहे: गार झाल्यावर सगळं ठीक वाटतं आणि माणूस पुढे निघतो.

आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बे एरियातून निघालो होतो. योसेमिटी, टायोगा, मग 395 हायवेने दक्षिणेला लोन पाइन आणि तिथून डेथ व्हॅली. हा क्रम ऑक्टोबरातच जमतो, कारण उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत आईबाबांना नेणं शक्य नाही आणि हिवाळ्यात बर्फामुळे टायोगा बंद. पहिला बर्फ लवकर पडला तर ऑक्टोबरातही बंद होऊ शकतो, म्हणून निघायच्या दिवशी रस्त्याची स्थिती बघाच. खिंड सुमारे 9,940 फुटांवर, लीव्हायनिंग 6,780 फुटांवर. ही उंची जेमतेम बारा मैलांत उतरते. मी गिअर डी मध्ये ठेवून सगळा उतार ब्रेकवर उतरले. चूक माझी. पण नवं ब्रेक ऑइल असतं तर इतक्यात उकळलं नसतं. गाडी घेतल्यापासून पाच वर्षांत ते मी एकदाही बदललं नव्हतं.

आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते तेल नाही. बाटलीवर त्याचा दर्जा 'डॉट' आकड्याने लिहिलेला असतो. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 हे तिन्ही ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आहेत आणि हवेतलं पाणी शोषून घेतात. रबरी होजमधूनही ओल आत शिरते. खरं तेल चुकून ओतलं तर मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की द्रव पुढे ढकलणारा भाग) चाकापर्यंतचं सगळं रबर फुगून वाया जातं. बाटलीवर उकळणबिंदूचे दोन आकडे असतात आणि लोक मोठा आकडा बघून बाटली उचलतात. तो कोरड्या, ताज्या द्रवाचा. डॉट 3ला किमान 205 अंश सेल्सिअस, डॉट 4ला 230. घाटात उपयोगी दुसरा आकडा, म्हणजे 3.7 टक्के पाणी शोषल्यानंतरचा: डॉट 3चा 140, डॉट 4चा 155, डॉट 5.1चा 180. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही.

लीव्हायनिंगजवळच्या कॅम्पग्राउंडवर शेजारच्या गृहस्थांकडेही जुनी गाडी होती. ते आग्रहाने म्हणाले, सिलिकॉनचं जांभळं डॉट 5 टाका, पाणी शोषतच नाही. या मोटरहोमच्या मालकांमध्ये यावरून दोन तट आहेतच. वर्षातले दहा महिने गॅरेजात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मला त्यांचं म्हणणं पटतं. सिलिकॉन सांडलं तरी रंगही जात नाही. पण आत आलेलं पाणी सिलिकॉनमध्ये विरघळत नाही, थेंब होऊन सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे चाकाजवळच्या व्हील सिलिंडरमध्ये, साचतं. तिथे गंज धरतो आणि ते पाणी शंभर अंशाच्या आसपासच उकळू शकतं. शिवाय सिलिकॉनमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात, पेडल थोडं स्पंजासारखं लागतं. आणि ग्लायकॉलमध्ये ते मिसळायचं नाही. अख्खी लाइन साफ करून, रबरं बदलूनच टाकायचं. कॅम्पग्राउंडवर हे होणार नव्हतं. डॉट 5 आणि डॉट 5.1 ही नावं सारखी दिसली तरी वस्तू वेगळ्या आहेत, दुकानात घाईत गल्लत करू नका.

मॅन्युअलमध्ये डॉट 3 लिहिलंय. त्याच्या जागी डॉट 4 चालतं, मी तेच घेतलं. त्याच गृहस्थांनी मला पिकअपमधून मॅमथ लेक्सला नेऊन आणलं. सीलबंद बाटल्याच घ्या. सील फुटलेली, अर्धी उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुना द्रव काढून नवा भरायला बाबा पेडलवर, मी गाडीखाली. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं शेवटचं उजवं. बाबांनी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला. जुन्या मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन कधी जातच नाही तिथे गंज असतो, आणि हवा काढताना पेडल पार खाली दाबलं तर त्या गंजावर सील कापली जाते. हे मला कुठल्याही मॅन्युअलमध्ये दिसलं नव्हतं. "दाबलं," ते म्हणायचे, मी चाकाजवळचं द्रव बाहेर सोडायचं निप्पल सैल करायची, आवळायची, "सोडा" म्हणायची. दर सहा-सात दाबांनी टाकीत भर. पहिल्या चाकातून काढ्यासारखा काळपट द्रव आला. सहाही चाकं स्वच्छ व्हायला दोन क्वार्ट (साधारण लिटरभराच्या) बाटल्या लागल्या. खाली ट्रे ठेवा आणि रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा. जुना द्रव बाटलीत भरून आम्ही बिशपला जमा केला.

बिशपच्या आधी शेर्विन ग्रेडचा लांब उतार आहे, तिथे दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. लोन पाइनला पहाटे माउंट व्हिटनीचं 14,505 फुटांचं शिखर गुलाबी झालेलं आईने तिकडच्या थंडीत शाल घेऊन पाहिलं. पेट्रोलची टाकी तिथेच भरा. ही गाडी गॅलनला आठ-नऊ मैल देते आणि पुढे पेट्रोल महाग.

खरी परीक्षा 190 रस्त्यावरच्या टाउन पासची. 4,956 फुटांवरून स्टोव्हपाइप वेल्सला, म्हणजे जवळपास समुद्रसपाटीला, सतरा मैलांत. "घाट ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचा," बाबा शेजारून म्हणाले. वरपासूनच गिअर खाली घेतला. वेग वाढला की ब्रेक एकदा ठाम दाबून कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा, पाय ठेवून घासत राहायचं नाही. पेडल शेवटपर्यंत घट्ट राहिलं.

खाली पोचल्यावर बाबांनी प्रत्येक चाकाजवळ उलटा हात धरून पाहिला. पाच चाकं सारखी गरम, मागचं डावं त्याहून बरंच जास्त. "हा सिलिंडर चिकटतोय," ते म्हणाले. घरी गेल्यावर तेच चाक पहिलं उघडायचं आहे.