घरी उडतो, स्पर्धेत अडतो

सरावाच्या मैदानात मल्हार 1.10 मीटरचा ऑक्सर (दोन दांड्यांचा रुंद अडथळा) कान टवकारून पार करायचा. स्पर्धेत 80 सेंटिमीटरच्या साध्या व्हर्टिकलपुढे (सरळ उभ्या अडथळ्यापुढे) मात्र उभा. पाच वर्षांचा, कुमैत रंगाचा, अंगानं भरलेला, स्वभावानं गरीब घोडा. घंटा वाजली की त्याचे पाय जड व्हायचे आणि पहिल्या-दुसऱ्या अडथळ्यावरच आमचा खेळ आटपायचा.

उड्यांच्या स्पर्धेत नकार फार महागात पडतो. दांडा पडला तर 4 दंडगुण, घोडा पहिल्यांदा थांबला किंवा बाजूनं निसटला तरी 4. पण दांडे कितीही पाडलेत तरी फेरी पूर्ण करता येते. नकाराचं तसं नाही. दुसरा नकार आला की एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) नियमानुसार बाद. खालच्या वर्गांत काही आयोजक तिसऱ्यापर्यंत धीर धरतात, पण त्या सवलतीचाही आम्हाला फारसा उपयोग नव्हता.

सल्ल्यांना तोटा नव्हता. रिंगणाच्या कठड्याला टेकलेला प्रत्येक माणूस प्रशिक्षक असतो. "अडेल तट्टू आहे, दोन ठेवून द्या, सरळ होईल." "लगाम बदला." "विकून टाका, वय आहे तोवर किंमत येईल." आमच्या सरांनी यातलं काहीच सांगितलं नाही. ते म्हणाले, "तो कुठे थांबतो ते आधी लिहून काढ. का थांबतो ते मग बघू."

मग मी जुने व्हिडिओ काढून बसले. मोबाईलवर एकेक नकार मागे-पुढे करत पाहिल्यावर लक्षात आलं की हे नकार एकाच जातीचे नाहीत. काहींमध्ये तो चांगल्या लयीत येतो आणि अगदी शेवटच्या स्ट्राइडला (ढांगेला) पुढचे पाय रोवतो. काहींमध्ये वळणावरून बाहेर पडल्यापासूनच आखडायला लागतो: मान वर, पाठ खोलगट, एक कान अडथळ्याकडे आणि दुसरा मागे, प्रवेशद्वाराकडे. ही दुसरी जात जास्त होती. प्रवेशद्वाराकडे तोंड असलेला अडथळा तो बहुधा घ्यायचा, प्रवेशद्वाराकडे पाठ करून जायचं असलं की थांबायचा. बाजूनं निसटायचा तो दर वेळी डावीकडून. रंगीत फिलर (दांड्यांखाली लावलेले फलक) असले की गोष्टी आणखी बिघडायच्या.

पण उडीकडे वळायच्या आधी अंग तपासायचं, हे सरांनी बजावलं होतं. त्यातला धागा सापडला तो घोड्यांची निगा राखणाऱ्या आमच्या मोतद्दार काकांमुळे. एका स्पर्धेच्या ठिकाणी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, गाडीतून उतरल्यापासून यानं गवताला तोंड लावलेलं नाही. लीदही पातळ होतीय. घरी असं कधी होत नाही."

डॉक्टरांनी पाय, पाठ, दात सगळं पाहिलं आणि मग मला सॅडल घालून समोर चालवायला लावलं. पशुवैद्यक स्यू डायसन यांनी 2018 मध्ये मांडलेली 24 वर्तनांची एक यादी आहे. कान बराच वेळ मागे राहणं, तोंड उघडणं, शेपटी फटकारणं, एकटक शून्यात बघणं, पुढे जायला टाळाटाळ करणं वगैरे. यातली 8 किंवा त्याहून जास्त दिसली तर घोड्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता धरायची. मल्हार 8 च्या आत होता, पण फार आत नव्हता. डॉक्टरांनी गॅस्ट्रोस्कोपी सुचवली. रात्रभर उपाशी ठेवून, गुंगीचं इंजेक्शन देऊन, नाकातून लांबलचक नळी पोटात सोडतात. पडद्यावर पोटाच्या वरच्या भागात लालसर, खरवडल्यासारखे चट्टे दिसले. अल्सर.

घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं, तो खात असो वा नसो. मोकळ्या कुरणात दिवसभर चरणाऱ्या जनावराला याचा त्रास सहसा होत नाही, कारण पोटात काहीतरी असतंच आणि चावताना सुटणारी लाळ आम्ल मवाळ करते. गाडीतला प्रवास, अनोळखी ठाण, तासन्‌तास रिकामं पोट, आणि त्यात कँटर (संथ दौड) सुरू झाला की आम्ल वरच्या भागात उसळतं, जिथे त्याला अडवणारं अस्तर नसतं. स्पर्धेतल्या घोड्यांमध्ये हा आजार अगदी सर्रास आढळतो. डॉक्टरांनी ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध दिलं. ते सकाळी रिकाम्या पोटी द्यायचं आणि त्यानंतरच चारा. शिवाय प्रवासात गवताची जाळी कायम समोर, आणि वॉर्म-अपच्या आधी थोडं गवत खायला घालायचंच. भरल्या पोटी घोडा चालवू नये हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे काकांना हे पटायला वेळ लागला. पण इथे धान्याचा घमेलाभर खुराक नाही, मूठ-दोन मूठ गवत अपेक्षित होतं. ते पोटात तरंगतं आणि आम्ल वर उसळू देत नाही.

सॅडलचंही निघालं. तरुण घोड्याचे खांदे वर्षभरात भरतात. वर्षापूर्वी चपखल बसणारी सॅडल आता खांद्यामागे चिमटत होती. ती रुंद करून घेतली. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही. तरुण घोडा असेल तर सॅडल वरचेवर तपासून घ्या, एवढंच.

पुन्हा गॅस्ट्रोस्कोपी केली तेव्हा पोट स्वच्छ होतं. मल्हारचं अंग चमकायला लागलं, लगामावर हलका झाला, आणि पुढच्या स्पर्धेत दुसऱ्या अडथळ्यावर थांबला.

हे मुद्दाम सांगते, कारण "अल्सर निघाले, बरे झाले, घोडा उडायला लागला" अशा गोष्टी फार ऐकायला मिळतात. दुखणं गेलं तरी त्या जागेची धास्ती राहते. पण दुखणं राहिलं असतं तर धास्ती घालवायचे सगळे प्रयत्न पाण्यात गेले असते, म्हणून क्रम हाच हवा.

मग घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं? सरांचं म्हणणं सरळ होतं: याला उडी येते, नवीन जागा येत नाही. तेव्हा उडी शिकवणं बंद आणि जागा शिकवणं सुरू. आयोजकांना विचारून आम्ही स्पर्धेच्या ठिकाणी नुसतेच जायला लागलो. नावनोंदणी नाही. गाडीतून उतरायचं, हातानं फिरवायचं, लाउडस्पीकर, झेंडे, दुसऱ्यांचे घोडे दाखवायचे, गवत खाऊ द्यायचं, घरी यायचं. पहिल्या खेपेला त्याच्या नाकपुड्या बशीएवढ्या झाल्या होत्या आणि एका जागी चार क्षण उभा राहत नव्हता. पुढे केव्हातरी तो लाउडस्पीकरच्या खांबाजवळ एक मागचा पाय मोडून, खालचा ओठ लोंबवून डुलक्या घ्यायला लागला. तोवर मी त्याच्यावर बसलेही नव्हते. खर्च आणि वेळ दोन्ही जातात, आणि घरच्यांना हे समजावणं अवघड असतं की आपण स्पर्धेला जातोय ते स्पर्धा न करायला.

पुढची पायरी वॉर्म-अपच्या मैदानात फक्त ट्रॉट (दुडकी चाल) आणि कँटर. त्यानंतर 60 सेंटिमीटरचा वर्ग. घरी 1.10 उडणारा घोडा 60 वर नेताना मान खाली जाते आपली, पण त्या उंचीवर तो उभा राहिला तरी जागेवरून, चालत चालत पलीकडे पाय टाकू शकतो. म्हणजे नकाराचा शेवट अडथळ्याच्या पलीकडेच होतो. एवढ्यासाठीच ती उंची.

प्रवेशद्वाराकडे ओढ घेण्यावर उपाय वेगळा होता. फेरी संपली की सगळे दारातून बाहेर पडतात, उतरतात, पोटपट्टा सैल करतात. घोड्याच्या हिशेबी सगळं सुख दारापाशी. आम्ही सरावात ते उलटवलं. काम दारापाशी आणि विश्रांती पार दुसऱ्या टोकाला. तिथेच लगाम सोडायचा, तिथेच उतरायचं.

फिलरचं काम घरीच झालं. मुळात घोड्याला अडथळा आपल्यासारखा दिसत नाही. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानं त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळासमोर आणि नाकाखाली आंधळा पट्टा असतो. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, लाल-केशरी-हिरवा एकमेकांत मिसळतात. एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासानंतर ब्रिटनमध्ये शर्यतींच्या अडथळ्यांवरचा केशरी रंग काढून पांढरा लावायला 2022 मध्ये सुरुवात झाली, ती याच कारणानं. शिवाय उन्हातून सावलीत गेल्यावर त्याचे डोळे सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ घेतात. व्हिडिओतले एकदोन गूढ नकार मला तेव्हा उलगडले. अडथळा मंडपाच्या सावलीत होता आणि आम्ही कडक उन्हातून येत होतो.

फिलर आम्ही मधोमध फोडून दोन्ही बाजूंना ठेवले, मध्ये रुंद वाट. तिथून चालत जायचं, मग ट्रॉट, मग मध्ये जमिनीवर दांडा, मग छोटा क्रॉस (दोन दांड्यांची फुली). फिलर एकेक पाऊल आत सरकत गेले. अडथळ्याच्या पुढे पायथ्याशी एक दांडा, म्हणजे उडी कुठून घ्यायची ते त्याला कळतं. डावीकडे निसटण्यासाठी एक दांडा तिरका, अडथळ्याच्या वरच्या दांड्यावर टेकवून ठेवला. त्याची वाट बंद झाली आणि मला लगाम ओढावा लागला नाही.

अंतरांची भानगड मला सगळ्यात रोचक वाटली. कोर्स आखणारे घोड्याची कँटरची स्ट्राइड साधारण 3.65 मीटर धरतात. दोन अडथळ्यांमधली चार स्ट्राइडची रेघ म्हणजे उतरणं आणि झेप घेणं धरून सुमारे 18 मीटर. मल्हार घरी बरोबर तेवढ्यात बसायचा. पण बिचकलेला घोडा आखडतो. स्ट्राइड 3.3 वर आली की चार स्ट्राइडमध्ये तो जवळजवळ दीड मीटर मागे राहतो. आता एक तर फार लांबून उडायचं किंवा मध्ये एक बारकं पाऊल कोंबायचं. अनुभवी घोडा ते निभावतो. पाच वर्षांचा घोडा म्हणतो, नको. म्हणजे शेवटच्या स्ट्राइडला पाय रोवण्याची जी पहिली जात होती, तिचं मूळ चार स्ट्राइड मागे, आधीच्या अडथळ्यावरून उतरण्यात होतं. तेव्हापासून मी उतरल्या उतरल्या पोटरीनं पुढे पाठवते आणि लय मोठ्यानं मोजते. कठड्यावरचे हसतात, हसू देत.

आणि थांबलाच तर? चाबूक उशिरा पडला तर घोडा त्याचा संबंध नकाराशी जोडतच नाही, जागेशी जोडतो. ती जागा मग आणखी वाईट. बाद झाल्यावर चाबूक वापरायला तर नियमातच मनाई आहे. आम्ही ठरवलं ते असं: वळू द्यायचं नाही, कारण वळून दूर गेला की सुटका झाली, आणि सुटका म्हणजे त्याच्या लेखी बक्षीस. सरळ उभा ठेवायचा, बघू द्यायचं, दोन पावलं मागे, आणि पुढे एक पाऊल टाकलं की पोटरीचा दाब तत्क्षणी सोडायचा. सरावात दांडा लगेच खाली. पलीकडे गेला की मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे खाजवायचं. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि त्यानं हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून पाहिलेलं आहे. थोपटण्यापेक्षा त्याला हे कितीतरी जास्त आवडतं. वरचा ओठ लांब करून हवेत हलवायला लागतो.

स्पर्धेच्या दिवशीचा वॉर्म-अप आम्ही छोटा केला. मोजक्या उड्या, शेवटची वर्गाच्याच उंचीची, आणि लगेच आत. घंटेनंतर सुरुवातीची रेघ ओलांडायला 45 सेकंद असतात. त्या वेळात मी त्याला रिंगणाच्या लांबच्या टोकाला नेते, सर्वांत भडक फिलरच्या जवळून ट्रॉट करत. अडथळ्यापुढे उभं करून दाखवणं नियमात बसत नाही, जवळून जाणं बसतं.

60 वरून 70, 70 वरून 80. पहिली निर्दोष फेरी 70 ला झाली, आणि ती बघण्यासारखी अजिबात नव्हती. तिसऱ्या अडथळ्यावर तो इतका उंच उडाला की माझी एक रिकीब सुटली आणि पुढचे दोन अडथळे मी आयाळ धरून काढले. 80 ला एकदा दांडा पडला, 4 दंडगुण लागले. सर म्हणाले, "छान. पाडला, पण थांबला नाही."

सध्या 90 वर आहोत. पायथ्याशी निळा पाण्याचा ट्रे असला की तो अजून थबकतो, कधी नकार देतो, कधी वाकडा उडून जातो. घरी ट्रे आणून ठेवलाय, सध्या कोरडा. त्याच्या शेजारीच काका रोज गवताची जाळी बांधतात. पाणी कधी भरायचं ते सर ठरवतील. तोवर 1 मीटरच्या वर्गाचा अर्ज मी भरत नाहीये.