तुम्ही विचारलंत म्हणून : सीडी प्लेअर घरात कसा लावायचा?

परवा संध्याकाळी शेजारच्या गल्लीतली एक पोरगी आली. हातात मोठी पिशवी, पिशवीत तिच्या आजोबांचा सीडी प्लेअर. म्हणाली, "मावशी, हाई चालस का अजून? नि चालस ते लावानं कसं?"

अमळनेरात हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. २०२४ च्या फेब्रुवारीत इथं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांनीही समोरच्या खोलीतला प्लेअर पाहून हेच विचारलं. बऱ्याच घरांत कपाटावर असा एखादा प्लेअर पडून आहे, शेजारी तीस-चाळीस सीडी आहेत, आणि प्लेअर 'गेला' असं घरानं धरून ठेवलंय. माझ्याकडे आलेले बरेचसे प्लेअर गेलेले नव्हते. त्यांना कुणी नीट बसवलंच नव्हतं. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आमचा प्लेअर १९९७ साली भावानं मुंबईहून रेल्वेनं आणला. लावला, दिवा लागला, सीडी आत गेली आणि आतून नुसती टिकटिक. पडद्यावर काही येईना. दुरुस्तीवाल्याकडे नेला, तो म्हणाला लेन्स, म्हणजे सीडी वाचणारं आतलं भिंग, गेली, नवी बसवावी लागेल. पैसे सांगितले ते माझ्या तेव्हाच्या पगाराला न झेपणारे. तीन आठवडे प्लेअर खोक्यात पडून राहिला. शेवटी माझे सासरे, आप्पा, चष्मा लावून पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला बसले. त्यांनी प्लेअर उलटा केला. बुडाला एक स्क्रू होता. प्रवासात धक्क्यानं लेन्सची गाडी हलू नये म्हणून कारखान्यात तो आवळून पाठवतात. घरी आल्यावर तो काढायचा असतो. आप्पांनी तो काढला, सीडी घातली, आणि पडद्यावर १२ हा आकडा उमटला. आत किती गाणी आहेत ते यंत्रानं वाचलं होतं. सगळ्याच प्लेअरना असा स्क्रू नसतो, पण जुना प्लेअर हातात आला की मी आधी तो उलटा करून बघते.

मग मागची पट्टी वाचा, हे दुसरं काम. व्होल्टेज तिथं लिहिलेलं असतं. परदेशातून कुणी आणलेला असेल तर आणखी जपून. जपानच्या बाजारातला प्लेअर १०० व्होल्टवर चालतो आणि आपल्या भिंतीत २३० आहेत. सरळ पिन खुपसली तर तो जळतो. त्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये लावावाच लागतो.

आता जागा. माझ्या मते अर्धं काम जागेचं आहे, आणि आपल्या खान्देशात तर त्याहून जास्त. प्लेअरला तीन गोष्टी हव्यात: सपाट बूड, गारवा आणि धुळीपासून आडोसा. आमच्या पुस्तिकेत ५ ते ३५ अंश तापमानात वापरा असं छापलंय. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि स्लॅबखालच्या खोलीत रात्री दहालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. त्यामुळे उन्हाळ्यात मी दुपारी प्लेअर लावत नाही. पहाटे किंवा दिवस बुडाल्यावर अंगणात पाणी मारून झालं की लावते. प्लेअर अॅम्प्लिफायरच्या, म्हणजे आवाज वाढवून स्पीकरला देणाऱ्या यंत्राच्या, डोक्यावर ठेवू नका, तो स्वतःच तापतो. खिडकीच्या उन्हात नको. कूलरच्या तोंडासमोरही नको, कारण त्या गार हवेत पाणी असतं. दमट हवेत गार प्लेअर आला की आतल्या लेन्सवर बाष्प धरतं आणि तो वाचेनासा होतो. तसं झालं तर घाबरायचं नाही. सीडी काढून घ्या, प्लेअर चालू करून तासभर तसाच राहू द्या.

धुळीचं आणखी वेगळं. आपल्याकडे भाव चढेल या आशेवर कापूस घरात भरून ठेवतात. माझ्या माहेरी पुढची अख्खी खोली आढ्यापर्यंत भरलेली असायची. त्या खोलीत सीडी प्लेअर ठेवू नका. कापसाचा तूस इतका बारीक असतो की ट्रे उघडला की आत शिरतो आणि थेट लेन्सवर बसतो. ट्रे काम झालं की लगेच बंद करायचा, आणि बंद करायचा तो बटणानं. बोटानं ढकलला की आतल्या दातेरी चाकांवर जोर येतो. वर सुती कापड टाका, पण प्लेअर बंद असतानाच. चालू असताना वरची जाळी मोकळी हवी.

स्पीकरवर प्लेअर ठेवायचा नाही, हेही इथंच सांगते. स्पीकरची थरथर लेन्सपर्यंत पोचते. सीडीवर एकच सर्पिल रेघ असते, आतून बाहेर जाणारी, ७४ मिनिटांच्या सीडीवर ती ५ किलोमीटरहून लांब भरते. दोन वेढ्यांत अंतर फक्त १.६ मायक्रॉन. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसेक वेढे बसतील. त्या रेघेवर लेसरचा ठिपका धरून ठेवायचा आणि खालून सीडी फिरत असायची, सुरुवातीला मिनिटाला ५०० फेरे, शेवटाकडे २००. इतक्या नाजूक कामाखाली डुगडुगणारं स्टूल चालत नाही. मी शिसवीच्या जुन्या पेटाऱ्यावर ठेवलाय, आणि पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून तो सपाट करून घेतलाय.

जोडणी सोपी आहे, पण चुका इथंच होतात. बहुतेक प्लेअरमध्ये स्पीकर नसतो. त्या पोरीच्या घरी नेमकं हेच झालं होतं: प्लेअर चालू, आकडे पळतायत, आवाज नाही, म्हणजे बिघडला! मागे लाल आणि पांढरी अशा दोन खोबणी असतात. लाल उजव्या बाजूची, पांढरी डाव्या. लाल-पांढऱ्या पिनांची वायर तिथून अॅम्प्लिफायरच्या 'सीडी' किंवा 'ऑक्स' लिहिलेल्या खोबणीत जाते. 'फोनो' लिहिलंय तिथं चुकूनही नाही. ती खोबण तबकडीच्या रेकॉर्ड प्लेअरसाठी आहे. त्याच्या सुईतून येणारा आवाज काही मिलिव्होल्टचा, म्हणून तिथं तो खूप वाढवला जातो आणि खर्जही भरला जातो. सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत देतो. तो तिथं जोडला तर आवाज फाटतो, आणि स्पीकरचीही खैर नाही.

अॅम्प्लिफायर नसेल तरी अडत नाही. हल्लीच्या बऱ्याच ब्लूटूथ स्पीकरना हेडफोनच्या मापाचं ऑक्सचं भोक असतं. एका टोकाला लाल-पांढऱ्या पिना आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनची पिन अशी वायर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. आणि प्लेअर खरोखरच गेला असेल तर घरातला जुना डीव्हीडी प्लेअर काढा. गाण्यांची सीडी तोही वाजवतो, त्याच लाल-पांढऱ्या पिनांतून, टीव्ही न लावता.

सगळ्या वायरी बटणं बंद ठेवून लावा. चालू करताना प्लेअर आधी, अॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना उलट. स्पीकरच्या वायरीची लाल-काळी बाजू दोन्हीकडे सारखी हवी. एका स्पीकरला उलटी लागली तर आवाज येतो, पण ढोलकीचा खर्ज पोकळ होतो आणि गाणारा समोर आहे असं वाटतच नाही. आमच्या जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या भिंती आवाज पिऊन घ्यायच्या, तिथं गाणं फार सुरेख लागायचं. स्लॅब आणि फरशी आल्यावर सगळं घुमायला लागलं. मी जमिनीवर सतरंजी घातली आणि समोरच्या भिंतीला मायच्या हातची गोधडी टांगली. तेवढ्यानं फरक पडला.

आता सीडी. छापलेली बाजू वर. कडेला आणि मधल्या भोकाला धरायचं, चकाकत्या बाजूला बोट नाही. डबीतून काढताना मधली कळी दाबा, सीडी वाकवून ओढू नका. पुसायची तर मऊ सुती कापडानं, भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल पुसायचं नाही, आणि यामागे कारण आहे. सीडीवर माहिती अशी विखरून लिहिलेली असते की रेघेवरचा सुमारे २.५ मिलिमीटरचा तुकडा वाचता आला नाही तरी प्लेअर आजूबाजूच्या माहितीवरून तो पुरा करतो. आडवा ओरखडा रेघेला जागोजाग छेदतो, पण प्रत्येक ठिकाणी थोडाच. गोल ओरखडा रेघेच्या अंगानं लांबच लांब जातो आणि तिथं प्लेअर हरतो. छापील बाजूला काही होत नाही हा समजही खोटा. चकाकणारा अॅल्युमिनियमचा पापुद्रा त्याच बाजूला, लाखेच्या पातळ थराखाली असतो. त्यावर बॉलपेननं नाव लिहू नका.

सीडी घातल्यावर दोन-चार सेकंद थांबा, लगेच बटणं दाबू नका. प्लेअर सगळ्यात आधी भोकाजवळची अनुक्रमणिका वाचतो आणि मग गाण्यांची संख्या आणि एकूण वेळ दाखवतो. ते दिसलं की समजा लेन्स जिवंत आहे. यावरून दोषही ओळखता येतो. काहीच दिसत नसेल तर सीडीची आतली बाजू किंवा लेन्स मळलेली आहे. फक्त शेवटची गाणी अडखळत असतील तर बाहेरची कड मळली आहे, कारण वाचन आतून बाहेर होतं. दुसरी, नक्की चांगली अशी सीडी घालून पाहिल्याशिवाय प्लेअरला दोष देऊ नका.

आणि ती सीडी कसली आहे तेही बघा. लग्नाची सीडी गाण्यांच्या प्लेअरमध्ये लागत नाही, ती व्हिडिओची असते. एसटी स्टँडवर मिळायची ती दीडशे गाण्यांची सीडी एमपीथ्रीची, तीही जुना प्लेअर घेत नाही. खरी गाण्यांची सीडी म्हणजे जेमतेम सव्वा तास. कितीतरी लोकांनी असल्या सीडी घालून पाहिल्या आणि चांगले प्लेअर भंगारात दिले. मला याचं फार वाईट वाटतं.

आवाज वाढवताना सबुरी हवी. कॅसेटला आपण आधी सूं ऐकायचो आणि त्या अंदाजानं बटण फिरवायचो. सीडीला ती सूं नाही. गाणं सुरू होण्याआधी शांतता असते, आणि त्या शांततेत बटण फिरवलं की पहिल्याच ठेक्याला स्पीकर दणकतो. गाणं सुरू झाल्यावर हळूहळू वाढवा. लाइट गेली तर भिंतीवरचं बटण बंद करून ठेवा. परत येताना कधीकधी दणका जास्त असतो.

ट्रे उघडत नसेल तर बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. आपल्या उन्हाळ्यात रबर लवकर वाळतं. हे किरकोळ काम आहे, लेन्स बदलायला कुणी सांगितलं तरी आधी पट्टा बघायला सांगा. घरी झाकण उघडून चालू प्लेअरच्या लेन्समध्ये वाकून बघू नका. तो लेसर ७८० नॅनोमीटरचा, जवळजवळ न दिसणारा, त्यामुळे डोळा आपणहून मिटत नाही.

एवढी खटपट कशाला, हे पाहुणे विचारतातच. माझ्याकडे एक सीडी आहे, दुकानातली नव्हे. १९८९ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मायनं आणि गल्लीतल्या बायांनी झोक्यावर म्हटलेली गौराईची गाणी मी कॅसेटवर भरून घेतली होती. २००५ मध्ये माझ्या एका विद्यार्थ्यानं ती संगणकावर घेऊन सीडीवर उतरवली. अशी घरी लिहिलेली सीडी रंगाच्या थरावर लिहिली जाते, तो थर उन्हानं आणि उष्णतेनं उडतो. म्हणून ती मी धान्याच्या कोठीमागे, अंधारात, पत्र्याच्या डब्यात ठेवते. लिहिताना शेवटी ती 'फायनलाइज' करावी, म्हणजे लिहिणं पुरं झालं म्हणून बंद करावी लागते, नाहीतर घरचा प्लेअर वाचत नाही. आणि पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी आमच्या प्लेअरला मुळीच चालत नाही, ती फार कमी उजेड परत फेकते. या दोन्ही गोष्टी त्या विद्यार्थ्याला माहीत होत्या, मी त्याची ऋणी आहे. तीच गाणी फोनवरही आहेत, पेनड्राइव्हवर दोन ठिकाणी ठेवली आहेत, तुम्हीही तसंच करा. पण फोन मध्येच दुसरंच गाणं लावतो. सीडीवर माय ज्या क्रमानं गायली त्याच क्रमानं गाते, आणि तिसऱ्या गाण्याआधी "थांब वं, झोका धर" म्हणते तेही येतं.

त्या पोरीच्या आजोबांचा प्लेअर चालला. ट्रेच्या पट्ट्यासाठी दोन दिवस माझ्याकडे होता. परत नेताना मी त्यातली सीडी काढली, बुडाचा स्क्रू आवळला आणि तिला सांगितलं की घरी पोचल्यावर तो आधी काढ. आमचा स्क्रू आप्पांनी कागदात गुंडाळून पुस्तिकेला दोऱ्यानं बांधला होता. तो अजून तिथंच आहे. दिवाळीनंतर मुलाकडे नाशिकला जायचं ठरतंय, तेव्हा लागेल.